आयआर दिव्याचा माग घेणारं यंत्र : आधी डोळा, मग मान

मेकॅट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट निवडायची वेळ आली की विषयांच्या यादीत एक नाव हमखास असतं : अवरक्त प्रकाशाचा, म्हणजे आयआरचा, माग घेणारं यंत्र. हातात एक आयआर एलईडी धरून तो डावीउजवीकडे, वरखाली फिरवायचा आणि टेबलावरच्या यंत्रानं मान वळवत त्याच्याकडे बघत राहायचं. सामान थोडं लागतं. चार सेन्सर, दोन सर्व्हो मोटर, एक अर्डुइनो. त्यामुळे ‘हे पटकन उरकेल’ असं समजून बरेच गट हा विषय घेतात. मग सबमिशन तोंडावर आलं की यंत्र एलईडीला सोडून खिडकीकडे तोंड करून बसतं, नाहीतर जागच्या जागी थरथरत राहतं. रात्र रात्र जागून कोड बदललं जातं आणि थरथर काही थांबत नाही.

माझं स्पष्ट मत असं की दोष बहुतेक वेळा कोडमध्ये नसतोच. यंत्राला नीट दिसत नसतं. जे दिसत नाही त्याच्या मागे मोटर पळवून उपयोग नाही. म्हणून या लेखात नेहमीचा क्रम मी उलटा केला आहे. आधी यंत्राचा डोळा तयार करायचा, त्याची वाचनं कागदावर मांडून तपासायची आणि ती पटल्यावरच सर्व्होच्या पिशवीला हात घालायचा.

विषय छोटा आहे म्हणून तो हलका समजू नका. सीडी प्लेअरच्या पोटात याच तत्त्वावर चालणारा डोळा असतो. ७८० नॅनोमीटरचा लेझर चकतीवर पडतो आणि परतलेला प्रकाश चार भागांत विभागलेल्या फोटोडायोडवर येतो. समोरासमोरच्या भागांची बेरीज करून एका जोडीतून दुसरी वजा केली की भिंग जवळ न्यायचं की लांब, ते कळतं. निन्टेन्डोच्या २००६ सालच्या ‘वी’ या खेळयंत्रात टीव्हीवर ठेवायच्या पट्टीला ‘सेन्सर बार’ म्हणत, पण तिच्यात सेन्सर नव्हताच. होते फक्त आयआर एलईडी. बघणारा कॅमेरा हातातल्या रिमोटमध्ये होता. घर झाडणारे अनेक रोबो चार्जिंगच्या जागेवर परततात तेही तिथून येणाऱ्या आयआर खुणेच्या आधारानं. तुम्ही टेबलावर जे बांधणार आहात ते याच घराण्यातलं आहे.

गर्दीतला आपला दिवा

विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं तिथे, थर्मामीटर ठेवला आणि पारा चढलेला पाहिला. तो प्रकाश सूर्याचा होता, आणि तुमच्या यंत्राचा सगळ्यात मोठा स्पर्धकही सूर्यच आहे. खिडकीतून येणाऱ्या उन्हात आयआर भरपूर असतो. पिवळ्या बल्बचा आणि हॅलोजनचा बहुतेक भाग आयआरच असतो, त्यामुळे प्रदर्शनाच्या मांडवात हॅलोजन लावले की प्रयोगशाळेत गुणी वाटणारं यंत्र बिथरतं. रात्रीच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याभोवती आयआर एलईडींचं कडं असतं. कोणी टीव्हीचा रिमोट दाबला तरी आयआरच सुटतो. या गर्दीत आपला दिवा कोणता, हे यंत्राला कळलं पाहिजे. प्रोजेक्टचं सगळं मर्म इथे आहे आणि बाकीची कामं त्यामानानं सोपी आहेत.

बाजारात मिळणारे आयआर एलईडी मुख्यतः दोन जातींचे असतात, ८५० नॅनोमीटरचे आणि ९४० नॅनोमीटरचे. ८५० वाला अंधारात मंद लालसर दिसतो, ९४० वाला अजिबात दिसत नाही. सिलिकॉनचे फोटोडायोड आणि फोटोट्रान्झिस्टर या दोन्ही लहरींना चांगले संवेदनशील असतात, त्यामुळे कोणताही घ्या, मात्र सेन्सर त्याच्याशी जुळता घ्या. एलईडी लागला आहे की नाही हे बघायला मोबाइलचा पुढचा, म्हणजे सेल्फीचा, कॅमेरा वापरा. मागच्या कॅमेऱ्यावर आयआर अडवणारं फिल्टर बहुधा जास्त कडक असतं, पुढच्यात एलईडी जांभळट-पांढरा चमकताना दिसतो. आणखी एक, हा प्रकाश दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही. जास्त ताकदीचे एलईडी डोळ्यांजवळ धरून बघत बसू नका.

खरेदीला जाण्यापूर्वी

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात जाऊन ‘आयआर सेन्सर द्या’ म्हणालात तर हातात तीन वेगळ्या वस्तू पडू शकतात आणि त्यातल्या दोन या कामाच्या नाहीत. पहिली म्हणजे टीएसओपी१७३८ हा टीव्हीच्या रिमोटचा रिसीव्हर. तो ३८ किलोहर्ट्झच्या आयआरला ओळखतो खरा, पण ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगतो, किती आहे ते सांगत नाही. शिवाय सिग्नल कमी झाला की आतलं सर्किट स्वतःची संवेदनक्षमता वाढवून घेतं, त्यामुळे भिंतीवरून परतलेला प्रकाशही त्याला पुरतो. दिशा शोधायची तर ‘इकडे जास्त, तिकडे कमी’ हे कळायला हवं आणि नेमकं तेच टीएसओपी पुसून टाकतो. दुसरी वस्तू म्हणजे अडथळा ओळखणारं छोटं मॉड्यूल, ज्यावर एक पांढरा एलईडी, एक काळा सेन्सर आणि एक निळा पॉट असतो. त्यात कंपॅरेटर बसवलेला असतो आणि बाहेर येतं ते पुन्हा ‘हो’ किंवा ‘नाही’. ते लाइन फॉलोअरला शोभतं, आपल्या कामाचं नाही.

आपल्याला हवा तो सुटा फोटोट्रान्झिस्टर, दोन पायांचा, ५ मिलिमीटरचा, शक्यतो काळसर आवरणाचा. ते आवरण दिसणारा प्रकाश बराच अडवतं आणि आयआर आत सोडतं. बीपीडब्ल्यू३४ सारखा फोटोडायोड जास्त वेगवान आणि एकसारखा असतो, पण त्याचा प्रवाह फार थोडा, त्यामुळे पुढे ऑपअँप लावावा लागतो. ते करणार असाल तर एलएम३२४ घेऊ नका. ५ व्होल्टवर त्याचं आउटपुट साडेतीनच्या आसपासच अडतं. एमसीपी६००४ सारखा रेल-टू-रेल ऑपअँप घ्या. पहिल्यांदाच करत असाल तर फोटोट्रान्झिस्टरच बरा.

चार लागतात म्हणून चारच आणू नका, दहा आणा. एकाच पाकिटातल्या फोटोट्रान्झिस्टरांच्या संवेदनक्षमतेत सहज दुपटीचा फरक निघतो. एकेक ब्रेडबोर्डवर लावून, तोच एलईडी तेवढ्याच अंतरावर ठेवून व्होल्टेज मोजा आणि जुळणारे चार निवडा. पायांच्या बाबतीत एक सावधगिरी घ्या. एलईडीचा लांब पाय धन असतो, पण या दोन पायांच्या फोटोट्रान्झिस्टरांत बहुधा आखूड पाय कलेक्टरचा असतो आणि तो ५ व्होल्टकडे जातो. उलटा लावला तर जळत नाही, नुसता गप्प बसतो आणि दिवस वाया घालवतो. कलेक्टर ५ व्होल्टला, एमिटरपासून जमिनीकडे १० किलोओहमचा रेझिस्टर आणि एमिटरवरूनच अर्डुइनोच्या ॲनालॉग पिनला तार. १० किलोओहमच का, तर अर्डुइनो उनोतला एटीमेगा३२८पी एकाच एडीसीकडून आळीपाळीनं सगळ्या पिना वाचतो आणि पिनेमागचा रोध १० किलोओहमपर्यंत असावा असं त्याची डेटाशीट सांगते. संवेदनक्षमता वाढवायची म्हणून तिथे १ मेगाओहम लावला की एका सेन्सरचं वाचन दुसऱ्यात सांडायला लागतं.

दिव्याला ओळख द्या

आता गर्दीचा प्रश्न. सूर्याचा प्रकाश स्थिर असतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बल्ब आणि हॅलोजन सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. यापासून वेगळं व्हायचं तर आपला एलईडी एका ठरलेल्या वेगानं लुकलुकवायचा आणि यंत्रानं फक्त त्या वेगाच्या लुकलुकीलाच दाद द्यायची. हा वेग मनाला येईल तो घेऊ नका. मी ४५० हर्ट्झ सुचवतो आणि त्याला कारण आहे.

सर्व्होला दर २० मिलिसेकंदांनी एक पल्स द्यावी लागते, म्हणून वाचनाची खिडकीही २० मिलिसेकंदांची धरू. तेवढ्या वेळात ४५० हर्ट्झची बरोबर ९ आवर्तनं होतात आणि १०० हर्ट्झची बरोबर २. दोन्ही पूर्ण आवर्तनांत बसतात, आणि ४५० ही १०० च्या पटीतली संख्या नाही. त्यामुळे बल्बचा १०० चा हेलकावा आणि त्याचे २००, ३००, ४०० हे पट हिशेबात आपोआप शून्य होतात. ५०० किंवा १००० हर्ट्झ घेतला असतात तर बल्बचा एखादा पट नेमका तुमच्या दिव्याचं सोंग घेऊन आत शिरला असता.

हिशेब सोपा आहे. दर आवर्तनात समान अंतरानं चार वाचनं घ्या. पहिल्यातून तिसरं वजा करा, दुसऱ्यातून चौथं वजा करा. नऊ आवर्तनांतल्या पहिल्या प्रकारच्या वजाबाक्यांची एक बेरीज, दुसऱ्या प्रकारच्या वजाबाक्यांची दुसरी. दोन्ही बेरजांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढा. त्या सेन्सरवर तुमच्या दिव्याचा प्रकाश किती पडला, ते हा आकडा सांगतो. सूर्याचा स्थिर भाग वजाबाकीतच जातो. दिवा आणि यंत्र यांच्यात तार नाही, त्यामुळे दिवा नेमका कोणत्या क्षणी पेटला हे यंत्राला माहीत नसतं. दोन बेरजा घ्यायच्या त्या यासाठीच. एकीत निसटलेलं दुसरीत सापडतं.

वेळेचं गणितही तपासून घ्या. दर सेन्सरला सेकंदाला १८०० वाचनं, चार सेन्सरांची मिळून ७२००. म्हणजे एका वाचनाला साधारण १३९ मायक्रोसेकंद मिळतात. उनोवरच्या ‘ॲनालॉगरीड’ला साधारण ११० मायक्रोसेकंद लागतात. बसतं, पण घट्ट बसतं. म्हणून वाचनं चालू असताना फक्त पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी करा. वर्गमूळ, भागाकार आणि सिरियल मॉनिटरवर छापणं हे सगळं खिडकी संपल्यावर. सिरियल प्रिंट मध्ये घातला की वेळापत्रक कोलमडतं आणि आकडे निरर्थक होतात. चांगला चाललेला प्रोजेक्ट ‘बघू तरी काय वाचतोय’ म्हणून टाकलेल्या एका ओळीनं बिघडतो, तो असा.

दिवा लुकलुकवायला दुसरा स्वस्त अर्डुइनो नॅनो आणि ‘टोन’ ही आज्ञा सगळ्यात सोयीची. ५५५ टायमर हवाच असेल तर जरूर लावा, पण आवर्तनं जुळवायला पॉट ठेवा. १ किलोओहम, १५ किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड घेतले की सूत्रानं उत्तर ४६५ च्या जवळ येतं. एवढा फरक चालतो, पण साध्या कपॅसिटरची किंमत छापील आकड्याहून दहा-वीस टक्के इकडेतिकडे असू शकते आणि तेवढ्यानं दिवा यंत्राला दिसेनासा होतो. एलईडी पिनेवरून थेट चालवू नका. बीसी५४७ ट्रान्झिस्टर आणि ६८ ओहमचा रेझिस्टर लावलात तर ५ व्होल्टवर साधारण ५० मिलिअँपिअर मिळतात. ट्रान्झिस्टरची मर्यादा १०० ची आहे आणि एलईडी निम्मा वेळ बंद असतो, त्यामुळे दोघेही निवांत राहतात.

एक मर्यादा मात्र हिशेबानं ओलांडता येत नाही. १० किलोओहमवर सेन्सरचा प्रवाह अर्धा मिलिअँपिअर झाला की ५ व्होल्ट संपले. कडक उन्हात सेन्सर एकट्या सूर्यानंच भरून जातो, लुकलुक दिसायला जागा उरत नाही आणि आकडा शून्यावर येतो. मग वजाबाकी कितीही चोख असली तरी वजा करायला काही नसतं. उपाय म्हणजे १० च्या जागी २.२ किलोओहम लावणं आणि सेन्सरांवर झापड बसवणं. लांब पल्ला थोडा जाईल, पण यंत्र दिवसाही चालेल.

मधली भिंत

चारही सेन्सर एकाच पट्टीवर, चौकोनाच्या चार कोपऱ्यांत, आणि त्यांच्यामध्ये अधिक चिन्हाच्या आकाराची उभी भिंत. दिवा उजवीकडे सरकला की भिंतीची सावली डाव्या सेन्सरांवर पडते. चित्रात हे सगळ्यांना कळतं, बांधताना दोन ठिकाणी फसगत होते.

पहिली फसगत म्हणजे सेन्सर भिंतीपासून लांब बसवणं. समजा भिंत ३० मिलिमीटर उंच आहे आणि ५ मिलिमीटरच्या सेन्सरचा मध्य भिंतीपासून ८ मिलिमीटरवर आहे. दिवा मधोमध असताना सावली नाहीच आणि तो सरकत सुमारे १० अंशांपर्यंत गेला तरी सावलीचं टोक सेन्सरला शिवत नाही. म्हणजे मधल्या पट्ट्यात, जिथे अचूकता सगळ्यात जास्त हवी तिथे, भिंत आहे की नाही हे यंत्राला कळतच नाही. तोच सेन्सर भिंतीला चिकटवून बसवा. मध्य ३ मिलिमीटरवर आला की एका अंशातच सावली सुरू होते आणि साधारण १० अंशांवर सेन्सर पूर्ण झाकला जातो. सगळा बदल नेमका मधल्या भागात येतो. हा भाग थोडा रुंद हवा असेल तर भिंत आखूड करा. १५ मिलिमीटर उंचीला तोच पल्ला २० अंशांपर्यंत जातो. उंच भिंत नेमकेपणा देते, बुटकी भिंत रुंदी देते. विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टला १५ ते २० मिलिमीटर मला योग्य वाटते.

दुसरी फसगत भिंतीच्या मालाची. काळा कार्डपेपर किंवा काळं प्लास्टिक डोळ्यांना ठार काळं दिसतं, पण त्यातली काही आयआर आरपार जाऊ देतात. रिमोटच्या तोंडावरची काळी पट्टी आठवा, प्रकाश तिच्यातूनच बाहेर येतो. म्हणून भिंतीचा तुकडा कापण्याआधी तो पेटलेल्या एलईडीसमोर धरा आणि पलीकडून मोबाइलमध्ये बघा. ठिपका दिसला तर तो माल बाद. खात्रीचा उपाय म्हणजे दोन कार्डपेपरांच्या मध्ये स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल घालून चिकटवणं. फॉइल प्रकाश अडवते, कागद तिची चमक झाकतो. थ्रीडी प्रिंट केलेल्या भागालाही हीच परीक्षा लावा.

भिंत बसली की ‘चूक’ काढायची, म्हणजे दिवा मध्यापासून किती सरकला तो आकडा. डाव्या दोन सेन्सरांची बेरीज, उजव्या दोघांची बेरीज, आणि मग (उजवी − डावी) ÷ (उजवी + डावी). वरखालीसाठीही तसंच. खालच्या भागाकाराला फाटा देऊ नका. दिवा १ मीटरवरून २ मीटरवर गेला की प्रकाश चौथाईवर येतो. नुसती वजाबाकी घेतली तर यंत्र जवळच्या दिव्यामागे उड्या मारतं आणि लांबच्यामागे रेंगाळतं. भागाकार केला की उत्तर उणे १ ते अधिक १ मध्ये राहतं आणि अंतराचा प्रश्न मिटतो. खालची बेरीजही उपयोगाची आहे. ती एका मर्यादेखाली गेली तर दिवा समोर नाहीच असं समजायचं.

आता तो कागद, ज्यावर सगळं अवलंबून आहे. टेबलावर ग्राफपेपर चिकटवा, कोनमापकानं दर ५ अंशांवर रेघा ओढा आणि मध्यावर डोळा पक्का बसवा. मोटर नाहीत, फक्त डोळा. दिवा १ मीटरवर मधोमध ठेवून चारही सेन्सरांचे आकडे बघा आणि प्रत्येकाला गुणक देऊन ते सारखे करा. हे गुणक अर्डुइनोच्या ईईप्रॉममध्ये साठवा. मग दिवा उणे ४० अंशांपासून अधिक ४० अंशांपर्यंत सरकवत प्रत्येक रेघेवर चूक लिहून घ्या आणि आलेख काढा. मध्यभागी तिरकी सरळ रेघ आणि दोन्हीकडे सपाट खांदे असा आकार आला पाहिजे. रेघ शून्यातून जात नसेल तर भिंत तिरकी आहे. रेघेत पायऱ्या असतील तर सेन्सर भिंतीपासून सुटले आहेत. एका बाजूचा खांदा खाली झुकत असेल तर आसपास काहीतरी प्रकाश परतवतं आहे, चुन्याची भिंत, लोखंडी कपाट किंवा पॉलिश केलेलं टेबल. एकदा अंधारात, एकदा ट्यूबलाइटमध्ये, एकदा दुपारी खिडकीजवळ असे तीन आलेख एकाच कागदावर काढा. तिन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर तुमचा प्रोजेक्ट तिथेच निम्म्याहून जास्त झाला.

आता मान

एसजी९० हा ९ ग्रॅमचा निळा सर्व्हो या कामाला पुरतो. ४.८ व्होल्टवर त्याची कमाल ताकद १.८ किलो-सेंटिमीटर आहे. यंत्राच्या डोक्याचं वजन ४० ग्रॅम आणि ते अक्षापासून ३ सेंटिमीटर पुढे असलं तरी भार होतो फक्त ०.१२. ताकदीचा प्रश्नच नाही. प्रश्न असतो तो दात्यांमधल्या सैलपणाचा आणि तारांच्या ओढीचा. डोक्याचा तोल वरखालीच्या अक्षावरच येईल असा साधा आणि सेन्सरांच्या तारा बारीक, अनेक तंतूंच्या, सैल वळसा देऊन सोडा. ब्रेडबोर्डच्या ताठ जंपर वायर मानेला स्प्रिंगसारख्या मागे ओढतात.

सर्व्होंचा वीजपुरवठा वेगळा ठेवा. अडलेला एक एसजी९० अर्ध्या अँपिअरहून जास्त घेतो, दोघांनी मिळून अर्डुइनोच्या ५ व्होल्टच्या पिनेवर ओढ घेतली की बोर्ड रीसेट होतो आणि मान झटका देऊन मध्यावर येते. ५ व्होल्ट २ अँपिअरचा ॲडॅप्टर, सर्व्होजवळ ४७० किंवा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि दोन्ही पुरवठ्यांचं ग्राउंड एकत्र. ग्राउंड जोडायला विसरलेले प्रोजेक्ट दरवर्षी दिसतात. सर्व्हो वेडेवाकडे वळायला लागले की पहिली तार तीच तपासा.

मान किती वळवायची याचा आकडा अंदाजानं ठरवू नका, तो तुमच्या आलेखात आहे. समजा मधल्या भागात २० अंशांत चूक ० पासून १ पर्यंत जाते. म्हणजे पूर्ण १ चूक आली तर दिवा २० अंश लांब आहे. एका फेरीत तेवढं वळलात तर यंत्र पलीकडे जाईल, कारण २० मिलिसेकंद बघण्यात गेले, पुढची पल्स सुटेपर्यंत आणखी २० पर्यंत जाऊ शकतात आणि मान प्रत्यक्ष फिरायला वेळ लागतो तो वेगळा. त्यामुळे चौथाईनं सुरुवात करा, म्हणजे १ चुकीला ५ अंश. सर्व्होला अंशांत आज्ञा देऊ नका, ‘राइटमायक्रोसेकंड्स’ वापरा. एक अंश म्हणजे साधारण १०.५ मायक्रोसेकंद, म्हणून १ चुकीला सुमारे ५० मायक्रोसेकंद. मान सुस्त वाटली तर वाढवत जा, झोके घ्यायला लागली की मागे या आणि त्या आकड्याच्या निम्म्यावर थांबा.

थरथर उरलीच तर तिचं कारण सर्व्होतच आहे. एसजी९० ला १० मायक्रोसेकंदांपेक्षा लहान बदल जाणवत नाही, म्हणजे जवळजवळ एक अंश. तुमचं कोड त्याहून बारीक दुरुस्त्या मागत राहिलं तर सर्व्हो काही वेळ गप्प बसतो आणि मग एकदम उडी मारतो. आपल्या उदाहरणात एक अंश म्हणजे ०.०५ चूक. तेव्हा ०.०६ पेक्षा कमी चुकीकडे सरळ दुर्लक्ष करा. बऱ्याच गटांना वाटतं की पीआयडी लावला की हे मिटेल. तसं होत नाही. इथे पीआयडीची गरज नसते, कारण दर फेरीला कोनात भर घालणं म्हणजेच इंटिग्रल नियंत्रण झालं. त्यावर आणखी एक इंटिग्रल चढवलात तर झोके वाढतील.

दिवा हरवला तर काय करायचं तेही ठरवून ठेवा. बेरीज मर्यादेखाली गेली की मान आहे तिथेच अर्धा सेकंद थांबू दे, कोणी मधून चालत गेलं असेल. तरी दिवा आला नाही तर डावीकडून उजवीकडे हळूहळू शोध. शोध घेताना एका फेरीत मधल्या भिंतीनं दिलेल्या पल्ल्याहून जास्त वळू नका, नाहीतर मान दिव्यावरून पुढे निघून जाईल आणि तिला पत्ताही लागणार नाही.

परीक्षकासमोर

‘चालतंय’ हे उत्तर नाही, आकडे द्या. दिवा किती अंतरापर्यंत सापडतो, स्थिर दिव्यावर मान किती अंशांच्या आत टिकते, दिवा एकदम ३० अंश सरकवला तर परत मध्यावर यायला किती वेळ लागतो. शेवटचं मोजायला मोबाइलवर स्लो-मोशन व्हिडिओ काढा आणि फ्रेम मोजा. हे तिन्ही आकडे अंधारात, ट्यूबलाइटमध्ये आणि उन्हात वेगवेगळे लिहा. उन्हातले आकडे वाईट येतील, ते लपवू नका. ते का वाईट आले हे रेझिस्टर, ५ व्होल्ट आणि अर्ध्या मिलिअँपिअरच्या भाषेत सांगता आलं तर एक्स्टर्नलला दुसरा प्रश्न सहसा सुचत नाही. ‘टीएसओपी का नाही वापरला’ आणि ‘४५० च का’ हे दोन प्रश्न मात्र येणारच. गटातल्या प्रत्येकाला त्यांची उत्तरं आली पाहिजेत, फक्त सोल्डरिंग करणाऱ्याला नव्हे.

आणि रिपोर्ट लिहाल तेव्हा शेवटी एक साधं पान जरूर जोडा : कोणती तार कोणत्या पिनेला, चार सेन्सरांचे गुणक, भिंतीची मापं, दिव्याची प्रत्यक्ष मोजलेली आवर्तनं आणि तो तीन रेघांचा आलेख. बहुतेक विभागांच्या कपाटात जुनी प्रोजेक्ट धूळ खात पडलेली असतात, कारण ती पुन्हा चालू कशी करायची हे कोणालाच माहीत नसतं. तुमच्यानंतरच्या बॅचला तुमचं यंत्र पहिल्याच दिवशी चालू करता यावं, एवढं त्या पानावर असू द्या.